पीडित स्त्रियांच्या साहाय्यार्थ नित्य निधी



देवस्थानच्या जमाखर्चात नित्य आणि नैमित्तिक असे दोन भाग असतात, हे आपणांस विदितच आहे. उत्सवास देणगीदार सहज लाभतो. नंदादीप मात्र कायम ठेवीच्या व्याजावर तेवतो. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना आधार देणाऱ्या स्थानिक संस्थांचा खर्चही असाच नित्याचा आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १० अन्वये, राज्य शासनाकडे सेवादात्या म्हणून नोंदलेल्या संस्थेस घटनेचा अहवाल नोंदविण्याचा, पीडितेची वैद्यकीय तपासणी करविण्याचा व तिला आश्रयगृह मिळवून देण्याचा अधिकार आहे. अधिकार कायद्याने दिला. परंतु कार्यकर्तीचे वेतन, खोलीचे भाडे, न्यायालयाच्या तारखांचा प्रवासखर्च कोठून यावा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितल्याचे आढळले. उरलेल्या स्त्रिया बोलतील त्या ओळखीच्या, विश्वासाच्या माणसापाशीच. आणि विश्वास एका वर्षात जुळत नाही.

पंडिता रमाबाईंच्या कार्यार्थ १८८७ साली बॉस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले. त्या बळावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले.

म्हणून माझी नम्र विनंती अशी की, अशा संस्थेस देणगी द्यावयाची ती एका समारंभापुरती न देता पाच वर्षांसाठी नेमून द्यावी. पै-पैचा हिशेब अवश्य मागावा. आश्रयास आलेल्या स्त्रीचे नाव मात्र विचारू नये.