अनुवादकाची साक्ष



मार्च १९६४ मध्ये लेनिनग्राडच्या न्यायालयात जोसेफ ब्रॉड्स्की या तरुण कवीवर ऐतखाऊपणाचा खटला चालला. कविता लिहिणे, कवितांचे अनुवाद करणे हे काम आहे की नाही, हाच वादाचा मुद्दा. ते काम आहे, आणि कष्टाचे काम आहे, असे सांगावयास जे पुढे आले त्यांत भाषापंडित येफिम एटकिंड होते. श्रमिकांच्या नावे चालणाऱ्या राज्यात श्रम कशास म्हणावे, हे न्यायासनास समजावून सांगण्याची पाळी यावी! ब्रॉड्स्कीला पाच वर्षांची हद्दपारी झाली.

एटकिंड यांचा जन्म १९१८ चा. महायुद्धात ते लाल सेनेत दुभाषी होते. परभाषेतील कविता रशियनमध्ये येताना तिच्या छंदाचे, नादाचे काय होते, हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. १९६८ साली त्यांनी रशियन काव्यानुवादांचा द्विखंडात्मक संग्रह सिद्ध केला. प्रस्तावनेत एक वाक्य होते: स्वतःचे बोलण्याची वाट बंद झालेले कवी गटे, शेक्सपिअर, ह्यूगो यांच्या मुखाने वाचकांशी बोलू लागले. पास्तरनाक आणि आख्मातोवा यांची कित्येक वर्षे अनुवादातच गेली होती. वाक्य खरे होते, म्हणूनच खटकले. ते वगळण्यात आले.

एप्रिल १९७४ मध्ये एटकिंड यांची प्राध्यापकी गेली, लेखक संघाचे सदस्यत्वही गेले. सोल्झेनित्सिन यांचे हस्तलिखित जपण्यास साहाय्य केले, हा एक आरोप. हा सारा भांडवलदारांचा अपप्रचार म्हणून समाजवाद्यांना हात झटकता येणार नाहीत.

त्याच वर्षी ते फ्रान्सला गेले आणि नांतेर येथे शिकवू लागले. वासिली ग्रोसमन यांच्या ज्या कादंबरीची हस्तलिखिते गुप्त पोलिसांनी १९६१ साली जप्त केली होती, ती १९८० मध्ये लोझान येथे छापली गेली. तिची संहिता सिद्ध करणाऱ्या दोघांपैकी एक एटकिंड होते.