आजोबांच्या ट्रंकेतलं रिव्हॉल्व्हर

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट माझ्याच घरातली आहे.

आजोबा फौजेत होते. आमच्या साताऱ्याकडे त्यात नवल काही नाही. ते गेल्यावर दोनेक महिन्यांनी आम्ही माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. गणवेश, पदकं, पत्रं आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर. बाजूला 'वेब्ली' असं कोरलेलं. आतेभावाने ते उचललं, माझ्याकडे रोखलं आणि म्हणाला, "रील काढ की!" सगळे हसले. मीही हसलो.

आता हे वेब्ली म्हणजे काय? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची ही कंपनी. 1887 साली ब्रिटिश सैन्याने त्यांचं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं मॉडेल मार्क सिक्स, 1915 चं. म्हणजे पहिल्या महायुद्धातलं, खंदकांमधलं. वजन किलोभराच्या वर, नळी सहा इंची, गोळ्या सहा. याची खुबी अशी की घोड्याशेजारची कळ दाबली की नळी पुढे खाली झुकते आणि चक्रातली काडतुसं एकदम वर उचलली जातात. त्या काळच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामी काडतुसं एकेक करून काढावी लागायची. अंधारात, चिखलात एवढा वेळ कुणाकडे होता?

पुढे 1932 पासून ब्रिटिश सैन्याने .38 बोअरचं हलकं एनफिल्ड घेतलं, तेही याच धाटणीचं. आपल्याकडे कानपूरला सरकारी कारखान्यात बनणारं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हरसुद्धा वेब्लीच्याच वळणावर गेलेलं आहे.

पण सिनेमात न दिसणारी गोष्ट ऐका. मार्क सिक्सला हाताने लावायचा सेफ्टी खटका नाहीच. घोडा न ओढता चाप दाबला तर जोर लागतो, पण अंगठ्याने घोडा मागे ओढून ठेवला की चाप एकदम हलका होतो. रील काढताना नेमकं तेच करतात, बघा.

दुसरी गोष्ट. युद्धानंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक वेब्लींची चक्रं मागून घासली, म्हणजे तिथली .45 ची काडतुसं त्यात बसावीत. बसली! पण त्या काडतुसाचा दाब मूळच्या .455 पेक्षा जास्त, त्यामुळे चक्र फुटायचा धोका. गोळी आत बसते म्हणजे ती त्या हत्याराची आहे असं नाही.

तर आमच्या घरात पुढे काय झालं? शेजारचे सुभेदारकाका पाणी प्यायला आले होते. ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बाळा, बोट बाहेर काढ. नळी भिंतीकडे कर. आता खाली ठेव." मग त्यांनी स्वतः कळ दाबून ते उघडलं.

फरशीवर दोन काडतुसं पडली. जिवंत.

त्यानंतर कुणीच हसलं नाही. आतेभाऊ ओसरीवर जाऊन बसला. रात्री जेवलाही नाही.

काकांनी ठाण्यात फोन केला आणि हत्यार रीतसर जमा झालं. आजोबांचं लायसन्स आजोबांबरोबर संपलं होतं. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार लायसन्सशिवाय ते घरात ठेवणं हा गुन्हा, मग ते आठवण म्हणून का असेना. वारसाला हवं असेल तर त्याने स्वतःच्या नावावर लायसन्स मागायचं. तोवर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सधारक विक्रेत्याकडे.

म्हणून सांगतो, तुमच्याही माळ्यावर असं काही सापडलं तर उचलू नका, उघडून बघू नका. पोरांना बाहेर काढा आणि ठाण्यात फोन करा. हातात आलंच असेल तर ते भरलेलं आहे असंच धरा. बोट चापाबाहेर, नळी माणसांपासून लांब.

लोखंड जुनं झालं म्हणून निकामी होत नाही, मंडळी.

आजोबांची पदकं आम्ही फ्रेम करून भिंतीवर लावलीत. आठवण म्हणून तेवढी पुरेत. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!