बालवर्गातील दिवस आणि घरातील दिवस

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनानिमित्त भरलेल्या पालकसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



येत्या जूनपासून आपल्या मंडळाच्या वास्तूत तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी बालवर्ग सुरू करावा, असा विचार कार्यकारी मंडळापुढे आहे. त्यासंबंधी पालकांना चार गोष्टी सांगाव्यात म्हणून कार्यवाहांनी मला पाचारण केले. आयुष्याची पुष्कळ वर्षे मी अशा वर्गांत जमिनीवर बसून काढली असल्यामुळे व्यासपीठावरील ही खुर्ची मला अंमळ उंच वाटते; तथापि आज्ञा पाळली पाहिजे.

सभेपूर्वी पालकांकडून आलेले प्रश्न कार्यवाहांनी मला वाचावयास दिले. अक्षरे केव्हा शिकविणार, इंग्रजी किती, गृहपाठ असणार काय, गणवेष कोणत्या रंगाचा, पाठांतराच्या स्पर्धा घेणार काय, असे ते प्रश्न आहेत. मुलाचा दिवस तेथे कसा जाणार, हे मात्र एकाही पालकाने विचारलेले नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे, आणि इतर बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याच्या पोटात आहेत.

तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. ‘काल आपण मामाकडे जाणार आहोत’ असे ते खुशाल सांगते, आणि आपण हसतो. परंतु काळ कळत नसला तरी क्रम त्याला फार चांगला कळतो. आंघोळीनंतर न्याहारी, न्याहारीनंतर बाबांचे कामावर जाणे, दिवेलागणीनंतर त्यांचे परत येणे, ही साखळी त्याला पक्की ठाऊक असते आणि तिच्यातील एक कडी निसटली की ते कासावीस होते. क्रम हेच त्याचे घड्याळ होय. ‘मी बारा वाजता येते’ या आईच्या वाक्याचा त्याला काडीइतका उपयोग नाही. ‘गोष्ट संपली की मी येते’ हे वाक्य मात्र ते मुठीत धरून बसू शकते. पण त्यासाठी गोष्ट रोज त्याच ठिकाणी यावयास हवी, आणि गोष्टीनंतर आई खरोखरच यावयास हवी. बालवर्गाचा दिनक्रम शिस्तीसाठी नाही, वेळ भरून काढण्यासाठी तर नाहीच नाही. आईपासून प्रथमच दूर झालेल्या जीवाला धरावयास दिलेला तो कठडा आहे.

आता तो दिवस कसा असतो ते सांगते. नऊ वाजता दार उघडते. मूल आपली पादत्राणे आपणच काढून ओळीत लावते आणि पिशवी खुंटीला अडकविते. खुंटीवर नाव नसते, चित्र असते. एकाचा आंबा, दुसऱ्याची होडी, तिसऱ्याचा पोपट. आपली खुंटी सापडली की मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो पाहिल्यावर मी तरी उपस्थितीची वही उशिरा उघडत असे. त्यानंतर मुक्त व्यवसायाचा वेळ. एकजण आसन पसरून मणी ओवतो, दुसरी तांब्यातून पाणी ओतते, तिसरा ठोकळ्यांची गाडी करतो. नियम एकच, पहिली वस्तू जागेवर ठेवल्यावाचून दुसरी घ्यावयाची नाही. हा वेळ तासाभराचा असतो आणि पाहुण्यांना तो गोंधळाचा वाटतो. वस्तुतः दिवसातील खरे शिक्षण बव्हंशी याच वेळी होते.

पुढे सर्वजण गोल करून बसतात. गाणी होतात, आज कोण आले नाही हे मुलेच सांगतात, आणि कधीकधी मौनाचा खेळ होतो. डॉ. माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. मौनाचा खेळ ही त्यांचीच देणगी. चाळीस मुलांच्या खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ शकते, यावर तो खेळ पाहिल्यावाचून कोणाचाही विश्वास बसणार नाही. मग अंगणात धावणे, हात धुणे, डबा, आणि शेवटी गोष्ट. एकूण तीन तास. त्याहून अधिक वेळ मागू नये, विशेषतः पहिल्या वर्षी.

क्रम पाळावयाचा म्हणजे शाळेने ताठ राहावयाचे, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली, आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्यासमवेत होत्या. मुले बालवाडीत येत ना, तेव्हा या बायकांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज गावोगावी जिला आपण अंगणवाडी म्हणतो, ती कल्पना अशी निघाली. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुलांना गुरे राखावी लागत, म्हणून कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तेथेच शाळा. महागडी साधने नव्हती. शंख, शिंपले, बिया, पाने यांवर मुले मोजावयास आणि जुळवावयास शिकली. मुलाचा घरचा दिवस आधी पाहावा आणि शाळेचा दिवस त्याला जोडावा, ही दृष्टी त्यांची. आपल्या वर्गातही तेच करावयाचे आहे. आणि ही जोडणी दोन्ही बाजूंनी होते, म्हणून आता पालकांच्या वाट्याचे काम सांगते.

सर्वांत आधी निरोप. दाराशी निरोप एकदाच द्यावा, हसतमुखाने द्यावा, आणि मग खरोखर निघावे. मूल खेळात रमलेले पाहून गुपचूप सटकण्याची रीत फार घरांत आहे. त्याने त्या दिवशीचे रडणे टळते, पण दुसऱ्या दिवसापासून मूल खेळावयाचेच सोडते, कारण खेळात लक्ष घातले की आई नाहीशी होते, असा धडा त्याला मिळालेला असतो. जाऊन पुन्हा परत येणे, खिडकीतून डोकावणे, हेही तितकेच वाईट. आमच्या वर्गाच्या खिडक्यांना पडदे होते ते उन्हासाठी नव्हते, आजोबांसाठी होते. येथे बसलेल्या आजोबांनी रागावू नये. त्यांची माया मला कळते. परंतु खिडकीत आजोबांचा चेहरा दिसला की आवरत आलेले रडे पहिल्यापासून सुरू होते.

पहिले दोन-तीन आठवडे रडणे स्वाभाविक आहे. काही मुले पहिल्या दिवशी हसत येतात आणि रोज यावयाचे आहे हे उमगल्यावर दुसऱ्या आठवड्यात रडू लागतात. दिवाळीच्या सुट्टीनंतरही पुन्हा थोडे रडे होते. याने खचू नये. मात्र आनंदाने येणारे मूल एकाएकी येण्यास नकार देऊ लागले, किंवा एखाद्या माणसाचे नाव काढताच बावरू लागले, तर ‘नाटके करतो’ म्हणून झिडकारू नये. जवळ घेऊन ऐकावे आणि त्याच दिवशी वर्गातील ताईंशी बोलावे.

न्यावयास येण्याची वेळ आणण्याच्या वेळेइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची आहे. गोष्ट संपली, सर्वांच्या आया आल्या, आणि एकच मूल पिशवी पाठीला लावून उंबऱ्याशी बसले आहे, ही दहा मिनिटे त्याला फार लांब असतात. दुसरे असे की, मुलाला कोण नेणार त्यांची नावे आरंभीच लेखी द्यावीत. त्या यादीबाहेरच्या कोणाच्याही हाती मूल सोपविले जाणार नाही, तो आपल्या ज्ञातीतला असला, ओळखीचा असला, अगदी मंडळाचा पदाधिकारी असला तरीही. ताईंनी अडविल्यास अपमान मानू नये.

कपड्यांविषयी थोडक्यात सांगते. मुलाला स्वतः काढता-घालता येईल असाच कपडा द्यावा. नाडीची गाठ, घट्ट बटणे आणि बुटांची बंदे ही तीन वर्षांच्या मुलाची शत्रू आहेत, आणि घाईच्या वेळी तर फारच. नाव घातलेला एक जादा जोड पिशवीत असावा. सोन्याचे डूल, साखळी घरी ठेवावी. शी-शूसाठी घरात जो शब्द वापरता तो ताईंना सांगून ठेवावा. हा शब्द प्रत्येक घरी निराळा असतो, आणि तो न कळल्यामुळे झालेली फजिती मूल बरेच दिवस विसरत नाही.

डबा लहान असावा आणि त्याचे झाकण मुलाला उघडता यावे. पोळीची गुंडाळी, उकडलेले रताळे, केळे, थालीपिठाचा तुकडा, एवढे पुरे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सबंध द्राक्षे आणि घट्ट गोळ्या या वयात घशात अडकण्याचा धोका असतो; त्या पाठवूच नयेत. डबा परत आला तर मुलाची उलटतपासणी घेऊ नये.

ताप आलेल्या मुलाला औषध पाजून वर्गात पाठविण्याचा मोह नोकरी करणाऱ्या आईबापांना होतो आणि त्यांची अडचण खरी असते. तथापि औषधावाचून पूर्ण चोवीस तास ताप नाही असे झाल्यावरच मूल वर्गात यावे. उलट्या-जुलाब असतील तर थांबल्यानंतर दोन दिवस. लसीकरणाचे पत्रक प्रवेशाच्या वेळी आणावे. पाचव्या-सहाव्या वर्षीचा त्रिगुणीचा वर्धक डोस फार घरी राहून गेलेला असतो, कारण तोवर बाळाचे पत्रक कपाटात तळाशी गेलेले असते.

सकाळचा नऊचा निरोप आदल्या रात्रीच ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या वयासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप, दिवसभरात तीन तास हालचाल, आणि पडद्यासमोर बसणे एका तासाहून अधिक नाही, कमी असेल तितके बरे, असे म्हटले आहे. अकरा वाजेपर्यंत मोबाईल पाहत जागलेले मूल नऊ वाजता रडते, तेव्हा ते शाळेला रडत नसते, झोपेला रडत असते. जेवण, हातपाय धुणे, गोष्ट, दिवा मालविणे, हा क्रम घरी रोज पाळला तर ताईंचे अर्धे काम आपण केलेत.

आता अक्षरांविषयी. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती हाडे नसून कूर्चा असते, आणि तिसऱ्या वर्षी त्यांतील साधारण तीन-चारच हाडाचे रूप घेऊ लागलेली असतात. बोटांचे स्नायूही तसेच कोवळे. अशा हातात पेन्सिल देऊन पानभर अक्षरे गिरवावयास लावणे म्हणजे भिंती ओल्या असताना वर मजला चढविणे. त्या हाताला हवी आहे कणीक, पाणी, माती. आपल्या स्वयंपाकघराइतके चांगले साधन कोणत्याही दुकानात नाही. पोळ्या लाटताना मुलाला गोळा द्यावा, मेथी निवडावयास आणि मटार सोलावयास बसवावे, धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालू द्याव्यात. सांडेल, वेळ लागेल; पण लेखणी धरणारी बोटे तेथे तयार होतात. घाईचे कारणही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि पहिलीचा प्रवेश सहा वर्षे पूर्ण झाल्यावरचा आहे. इंग्रजी गाणी मुलांनी अवश्य म्हणावीत. परंतु रडे आवरावयाचे, भांडण सांगावयाचे, पोटात दुखते हे कळवावयाचे ते मूल आपल्या घरच्या भाषेतच करणार. म्हणून वर्गाची बोलण्याची भाषा मराठीच असावी. पाठांतराच्या स्पर्धेबद्दल एवढेच म्हणते की, चार वर्षांच्या मुलांत पहिला-दुसरा लावण्याची गरज मुलांना नसते, आपल्याला असते.

शेवटी एक विनंती, आणि ती कार्यकारी मंडळाला आहे. वर्ग सभागृहात भरवावा आणि मुहूर्ताच्या दिवशी तो गच्चीवर न्यावा किंवा बंद ठेवावा, अशी योजना माझ्या कानी आली आहे. सभागृहाचे लग्नाचे भाडे हा मंडळाचा मोठा आधार आहे, त्यातून आपल्या विद्यार्थ्यांना मदत मिळते, हे मी जाणते. परंतु आज खुंटी आहे, उद्या त्या जागी मांडव आहे, परवा पुन्हा खुंटी आहे, अशा जागेत मी आतापर्यंत सांगितलेले काहीही होऊ शकणार नाही. तळमजल्यावरील पूर्वेची खोली, जीत सध्या जुनी भांडी आणि मोडक्या खुर्च्या आहेत, ती वर्षभरासाठी केवळ या वर्गाला द्यावी. तिला उजेड आहे, नळ जवळ आहे आणि दार अंगणात उघडते. ते शक्य नसेल तर वर्ग एक वर्ष पुढे ढकलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोली मिळाली तर पहिल्या आठवड्यात मुलांना आठ-आठच्या गटांनी, एकेक तासच बोलवावे आणि आईने किंवा घरातील एका माणसाने पहिले दोन दिवस आत बसावे. तिसऱ्या दिवशी दाराबाहेर, आणि सोमवारपासून घरी. त्या आठवड्याचे वेळापत्रक आणि पिशवीत काय असावे याची यादी मी कार्यवाहांपाशी दिली आहे. ती आज जाताना मागून घ्यावी, आणि घरी गेल्यावर मुलालाही वाचून दाखवावी.