एक पट, ९६० मांडण्या
(रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. पार्किंग, लिफ्ट आणि गळती सोडून कोणत्याही विषयावर बोला, असं बजावलंही आहे. त्यामुळे मी बुद्धिबळावर बोलतो.

दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, हे आपण जाणता. निवृत्त झाल्यापासूनचा हा उद्योग आहे. एके काळी चौदा मुलं यायची. जागा पुरायची नाही, दोन पट तर जिन्यावर मांडावे लागायचे. मग हळूहळू मुलं कमी झाली आणि गेल्या वर्षी पाचावर आली.

आधी मला वाटलं, मोबाईल! आपण सगळेच प्रत्येक गोष्टीचं खापर मोबाईलवर फोडतो. पण कारण वेगळं होतं. आपली दोन मुलं बाहेर क्लासला जाऊ लागली. चांगली गोष्ट आहे, मला त्यांचं कौतुकच आहे. तिथे त्यांना डावाची सुरुवात पाठ करून घेतात. पहिल्या दहा-बारा खेळी ती डोळे मिटून खेळतात. समोरच्याला त्या ठाऊक नसल्या, की आठव्या खेळीला त्याचा घोडा जातो आणि पंधराव्याला मात.

सातवीतली एक मुलगी होती. तिला विचारून, तिच्या परवानगीने हे सांगतोय. डोकं उत्तम, पण क्लासची फी घरच्यांना झेपणारी नव्हती. सारखी हरायला लागली तेव्हा मी तिला माझं जुनं पुस्तक दिलं आणि म्हटलं, "हे पाठ कर." दोन रविवार आली, नंतर यायची थांबली. पुढे एकदा लिफ्टमध्ये भेटली. मी विचारलं, "का गं, येत नाहीस?" ती म्हणाली, "आजोबा, हरण्याचं काही नाही. पण माझी विचार करायची वेळ येते, तोवर डाव संपलेला असतो."

चौथा मजला येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

मंडळी, हीच तक्रार एका जगज्जेत्याचीही होती. बॉबी फिशर. १९७२ साली आइसलँडमध्ये रेकजाविक इथे बोरिस स्पास्कीला हरवून तो जगज्जेता झाला. माणूस विक्षिप्त होता, त्याची सगळी मतं काही घेण्यासारखी नव्हती. पण बुद्धिबळात पाठांतर फार वाढलंय, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. १९९६ च्या जूनमध्ये अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स इथे त्याने नवा खेळ जाहीर केला. त्याला फिशर रँडम म्हणतात, किंवा चेस ९६०. नवीन काही विकत घ्यायला नको. तोच पट, तेच बत्तीस मोहरे, त्याच चाली. बदलते ती फक्त मागच्या रांगेची मांडणी.

नियम तीनच. दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत हवेत. राजा दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी हवा. आणि पांढऱ्याची जशी मांडणी, तशीच काळ्याची, अगदी समोरासमोर. प्यादी नेहमीच्या जागी.

मांडणी ठरवायला लुडोचा फासा पुरतो. पांढऱ्याच्या बाजूने मागच्या रांगेतली घरं डावीकडून मोजा. आधी काळ्या घरातला उंट. अशी घरं चार, म्हणून १ ते ४ मधला आकडा येईपर्यंत फासा टाका. तसाच पांढऱ्या घरातला उंट. उरलेल्या सहा घरांपैकी एकात वजीर. मग पाचांपैकी एकात पहिला घोडा, चारांपैकी एकात दुसरा. राहिलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती. झालं!

बालमित्रांनो, आता गणित. उंटांच्या जागा चार गुणिले चार, म्हणजे १६ प्रकारांनी. वजीर ६ प्रकारांनी. दोन घोडे सारखेच, त्यामुळे पाच घरांत त्यांच्या जोड्या १०. १६ गुणिले ६ गुणिले १०, किती? बरोब्बर, ९६०. आपली रोजची मांडणी त्यातलीच एक.

काल मी घरी फासे टाकले तर वजीर कोपऱ्यात, मग हत्ती, उंट, राजा, घोडा, हत्ती, घोडा आणि दुसऱ्या कोपऱ्यात उंट, अशी रांग आली. आता सांगा, हिची सुरुवात कोण पाठ करून येणार?

किल्लेकोटही आहे. राजा आणि हत्ती सुरुवातीला कुठेही असोत, किल्लेकोटानंतर ते नेहमीच्याच घरांत येऊन बसतात. बाकी अटी त्याच. पहिले काही दिवस गोंधळ होतो, नंतर सवय होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी हे सुरू केलं. त्या मुलीला निरोप पाठवला, "एकदा ये, पाठ केलेलं कुणालाच चालणार नाही." ती आली. जिंकली का? नाही, हरली. चांगल्या खेळाडूला नशिबाने हरवता येईल असा हा खेळ नाही. फासा फक्त मांडणी ठरवतो, पुढे डोकंच लागतं. पण डाव पाऊण तास चालला. क्लासला जाणारा मुलगा दुसऱ्याच खेळीला डोकं धरून बसला होता. संपल्यावर दोघं अर्धा तास भांडत होती, उंट आधी काढायला हवा होता की घोडा. त्या भांडणासाठीच मी रविवारी ऑफिस उघडतो. आता ती दर रविवारी येते. अकरा मुलं झाली आहेत.

आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "हे कसलं बुद्धिबळ? उद्या क्रिकेटला चार स्टंप लावाल!" त्यांचा मान राखून सांगतो, खेळ बदलतच आलाय. आपल्या वाडवडिलांच्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जात नसे. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मारता येई. आणि वजीर पूर्वी तिरकं एकच घर चालायचा. त्याला आजचं बळ युरोपात पंधराव्या शतकाच्या शेवटी मिळालं.

या खेळात खोट नाही असं नाही. काही मांडण्यांत पांढऱ्याला जरा जास्तच फायदा होतो. त्यावर तोडगा सोपा आहे. एकाच मांडणीवर दोन डाव खेळायचे, रंग बदलून. आम्ही तसंच करतो.

आता जागतिक संघटनाही या खेळाला मानते. २०१९ मध्ये नॉर्वेत पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथे वेस्ली सोने खुद्द मॅग्नस कार्लसनला अंतिम फेरीत हरवलं. २०२२ ची स्पर्धा रेकजाविकला झाली, फिशर जिंकला त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. ती हिकारू नाकामुराने जिंकली.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा कुणाला काहीच पाठ नव्हतं. पाण्याची वेळ, दूधवाला, शेजाऱ्याचा स्वभाव, सगळं एकमेकांना विचारत शिकलो. आज आपल्यात फरक पडलेत. कुणाची मुलं पुढे गेली, कुणाची मागे राहिली. ते फरक एका खेळाने मिटत नाहीत. पण रविवारचा एक तास तरी सगळ्यांनी एकाच रेषेवरून निघावं, एवढंच मला वाटतं.

तेव्हा आजी-आजोबांनीही यावं. "आम्ही विसरलो" ही सबब चालणार नाही, कारण इथे आठवायचंच काही नाही. सकाळी दहा वाजता, सोसायटी ऑफिस. पट माझ्याकडे आहेत. फासा मात्र घेऊन या. आमचा लुडोचा फासा परवा कपाटाखाली गेला, तो अजून सापडलेला नाही.