दिलेली कोंबडी पहिला पावसाळा पार करो
(साजगाव येथे देणगीदार व हितचिंतकांपुढे केलेले भाषण)



आपल्या देणगीतून वाडीवरच्या घरांना पिल्लं मिळतात. कातकरी घरात कोंबडी म्हणजे हाताशी असलेली रोकड. पोराला ताप आला, वह्या घ्यायच्या झाल्या, की कोंबडा बाजारात जातो. म्हणून कोंबडी नुसती जगून भागत नाही. ती अंगानं भरली पाहिजे, अंड्यावर आली पाहिजे.

कर्जत-खालापूरच्या पावसात तिचा वैरी पोटातच असतो, तो म्हणजे जंत. गोल जंताची अंडी विष्ठेतून पडतात. ओल्या, उबदार मातीत २-३ आठवड्यांत ती बाधा करण्याजोगी होतात आणि कित्येक महिने टिकतात. दाणे टिपताना कोंबडी तीही टिपते. चपटे जंत मुंग्या, माश्या, किडे, गोगलगायी यांच्यातून येतात. तीन महिन्यांच्या आतली पिल्लं सर्वांत जास्त सोसतात. पंख ढिले, तुरा फिका, खाऊनही छातीचं हाड हाताला लागतं. घरचे म्हणतात, पिल्लंच अशक्त दिली.

यावर उपाय घरच्या आवाक्यातला आहे. खुराडं उंचावर, कोरडं ठेवावं. विष्ठा रोज काढून लांबच्या खड्ड्यात टाकावी. खाली राख किंवा भाताचं तूस पसरून ते ओलं झालं की बदलावं. दाणे जमिनीवर न टाकता भांड्यात द्यावेत. पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत.

जंतनाशक मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच द्यावं. गोल जंतांवरचं प्रत्येक औषध चपट्या जंतांवर चालत नाही. काही औषधं फक्त मोठे जंत मारतात, म्हणून दुसरी मात्रा लागते. औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही विचारावं. मानमोडीची लस टोचण्याच्या आठवडाभर आधी जंत पाडले, तर लसही चांगली लागू पडते.

इथली कार्तिकी यात्रा सरली की पुष्कळ कुटुंबं वीटभट्टीवर जातात. तेव्हा एक मात्रा ती निघण्याआधी आणि एक पावसाच्या तोंडावर मिळायला हवी.

म्हणून आपल्याला एवढीच विनंती, की पिल्लं थोडी कमी दिली तरी चालतील, पण प्रत्येक पिल्लासोबत जंतनाशकाचा आणि लसीचा खर्चही द्या. दहा देऊन चार उरण्यापेक्षा सहा देऊन सहा वाढलेली बरी. त्या सहांच्या अंड्यांवर पुढची पिल्लं त्या घरातच निघतील.