‘वयच झालं’ म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्याने विरळ होतात. मग कळशी उचलतानाही मणका दबून मोडतो. घरचे म्हणतात, ‘वयच झालं’. साधा एक्स-रेही काढला जात नाही. पैसे असले, की मात्र मणक्यात सिमेंट भरण्याचा सल्ला मिळतो. २००९ साली दोन चाचण्यांत सिमेंट भरलेल्या आणि नुसती तशी बतावणी केलेल्या रुग्णांचं दुखणं जवळजवळ सारखंच कमी झालं. मणका अस्थिर असेल, मज्जारज्जू दबत असेल, तर स्क्रू लागू शकतात. विरळ हाडात ते सैल होतात, म्हणून भोवती सिमेंट घालतात. ते शिरांतून फुप्फुसात जाऊ शकतं. तेव्हा डॉक्टरांना विचारा : शस्त्रक्रिया नेमकी कशासाठी? आणि हाडं बळकट करणारी औषधं कधी सुरू करणार? पुढचा मणका मोडण्याचा धोका त्यांनीच कमी होतो.