वकिलातीतून विद्यापीठाकडे

इंग्लंडात एक जुनी चाल आहे. परदेशांत राजदूत म्हणून आयुष्य वेचलेल्या गृहस्थाला एखादे कॉलेज पुढे आपला प्रमुख म्हणून बोलावते. सर विल्यम हेटर हे १९५३ ते १९५७ या काळात मॉस्को येथे ब्रिटनचे राजदूत होते. १९५८ साली ते ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे वॉर्डन झाले आणि १९७६ पर्यंत त्या पदावर राहिले. महाराष्ट्रात असे उदाहरण शोधू गेल्यास रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे नाव प्रथम डोळ्यांसमोर येते. मात्र त्यांचा प्रवास थोडा निराळा झाला. ते कॉलेजातून वकिलातीत गेले आणि वकिलातीतून पुन्हा विद्यापीठात परतले.

रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी या खेड्यात १६ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. नात्यातल्या धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराने त्यांचे शिक्षण झाले. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. मोठ्या वेतनाच्या वाटा त्यांना बंद नव्हत्या. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेल्या सेवेच्या वचनाला जागून ते पुण्यास आले आणि १९०२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढे कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला. १९३२ ते १९३८ ही वर्षे त्यांनी लखनौ विद्यापीठाच्या कुलगुरुपदी घालविली.

अशा या जन्मजात शिक्षकाला १९४४ साली ऑस्ट्रेलियात भारताचा पहिला हायकमिशनर म्हणून धाडण्यात आले. महायुद्ध चालू होते. उत्तर आफ्रिकेच्या रणांगणावर भारतीय आणि ऑस्ट्रेलियन सैनिक एकाच बाजूने लढले होते. परंतु रणांगणावरील हा शेजार ऑस्ट्रेलियाच्या बंदरात संपत असे. १९०१ च्या कायद्याने त्या देशाने गौरेतर वसाहतवाल्यांना दार लावून घेतले होते. कायद्यात वर्णाचा उच्चार नव्हता. होती ती केवळ एक परीक्षा. अधिकाऱ्याने कोणत्याही युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा सांगावा आणि आगंतुकाने तो लिहून दाखवावा, अशी मूळ तरतूद होती. भाषा निवडण्याचा अधिकार परीक्षकाचा. ज्याला नापास करावयाचे, त्याला न येणारी भाषा निवडली की काम झाले!

ज्या माणसाने जगातील एका अवघड परीक्षेत अग्रस्थान मिळविले होते, तोच या देशात आपल्या देशबांधवांचा वकील म्हणून उभा होता. परीक्षा कशासाठी असते, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते. विद्यार्थ्याला काय येते हे पाहण्यासाठी ती असते. त्याला काय येत नाही हे आधी हेरून त्याला परतवून लावण्यासाठी नव्हे. लेखणीच्या या दुरुपयोगाचा विषाद शिक्षकाइतका दुसऱ्या कोणास वाटणार?

त्यांच्या स्थितीत आणखी एक अवघडपणा होता. ज्या सरकारचे ते प्रतिनिधी होते, ते भारतीयांनी निवडलेले नव्हते. नेमणूक झाली तेव्हा पंडित नेहरूंसारखे नेते तुरुंगात होते. परांजपे नेमस्त पक्षाचे. सनदशीर मार्गावर त्यांची निष्ठा. परक्या सत्तेची वकिली करावी काय, हा प्रश्न त्या काळी अनेकांना पडत असे आणि तो गैर नव्हता. तथापि वकील ज्याची सनद घेऊन जातो, केवळ त्याचाच असतो असे नाही. कॅनबेरात ज्यांनी परांजप्यांना पाहिले, त्यांना समोर दिसला तो व्हाइसरॉय नव्हे, एक विद्वान, बुद्धिवादी, स्पष्टवक्ता भारतीय. पारतंत्र्यातल्या राष्ट्राचा मान राखण्याचे साधन म्हणून एवढी गोष्ट कमी मोलाची नव्हती. १९४७ साली त्यांची कारकीर्द संपली आणि त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. ऑस्ट्रेलियातील ती लेखी परीक्षा १९५८ साली रद्द झाली. वर्णभेदी धोरणाचा शेवट होण्यास मात्र १९७३ साल उजाडावे लागले.

बॅरिस्टर जयकरांच्या नंतर, १९५६ साली, पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद परांजप्यांकडे आले. वय ऐंशी. गणेशखिंडीतील ज्या प्रासादात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर राहत, तेथेच आता विद्यापीठ नांदत होते. इंग्रज गव्हर्नराच्या वास्तूत कोकणातल्या खेड्यातून आलेला शिक्षक कारभार पाहू लागला, आणि महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलामुलींच्या परीक्षा त्याच्या देखरेखीखाली होऊ लागल्या. १९५९ पर्यंत त्यांनी हे काम केले. १९६१ साली आत्मचरित्र लिहून त्याला त्यांनी ‘एटी-फोर नॉट आउट’ असे क्रिकेटचे नाव दिले. ६ मे १९६६ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले.

मंत्री, वकील, सर ही बिरुदे त्यांना मिळाली. पण लोकांनी नावामागे कायम ठेवली ती एका परीक्षेने दिलेली पदवी. महाराष्ट्र त्यांना आजही रँग्लर परांजपे म्हणूनच ओळखतो.